रंग न धरलेल्या पेशी

धार, १४ जून २०२५

चि. चारू, आशीर्वाद.

फोनवर तू विचारतेस, मी "ठीक आहे" म्हणतो आणि मग दोघंही फोन ठेवतो. म्हणून लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. तीस वर्षं शाळेत गणिताच्या वह्या तपासल्या, त्यात शेरे लिहिले तेवढेच.

तुझ्या ताईला जाऊन दोन महिने झाले. तिचं कपाट चिऊने आवरलं. चार साड्या तुझ्यासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. स्वयंपाकाला बाई येते. विद्या भाजीत गुळाचा खडा घालायची, ही घालत नाही. मी तिला सांगितलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. चिऊने प्रणवच्या घरी नकार कळवला. स्थळ तू आणलेलं, साखरपुडा ताईच्या डोळ्यांदेखत झालेला, त्यामुळे तुला हे बाहेरून कळायला नको होतं. मला क्षमा कर. तिने त्यांना काहीच कारण दिलेलं नाही.

आणखी एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी ताईच्या गाठीचे तुकडे तुमच्या लॅबमध्ये तू तपासलेस. ते अजून ठेवलेले असतात का? सहज विचारतो आहे.

उमाशंकर


देवास, २१ जून २०२५

ती. भाऊजी, नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. प्रणवची आई भाजी घेताना भेटली. चारचौघांत म्हणाली, "क्यों चारूताई, हमारे लड़के में कोई खोट निकल आई क्या?" मी "विचारते" म्हटलं आणि अर्धी भाजी तिथेच टाकून निघाले.

चिऊला सांगा, आई गेल्याच्या वर्षात लग्न कसं करायचं हा विचार मनातून काढ. आमच्या गुरुजींना विचारलं मी. वर्षाच्या आत करता येतं, नाहीतर वर्ष झाल्यावर वैशाखात करू, मुलाकडचे थांबतील. चांगली माणसं आहेत. प्रणव तर ताईच्या शेवटच्या आठवड्यात चार वेळा धारला आला, ते तुम्ही पाहिलंच आहे. पोरीला जवळ बसवून नीट विचारा. तुम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांना काही विचारत नाही, हे ताई नेहमी म्हणायची.

तुकड्यांचं म्हणाल तर आहेत. मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून कपाटात ठेवतात, पुष्कळ वर्षं राहतात. पण तुम्ही का विचारलंत? इंदूरच्या डॉक्टरांनी मागितले का?

ह्यांचा नमस्कार.

चारू


धार, २ जुलै २०२५

चि. चारू, आशीर्वाद.

डॉक्टरांनी मागितलेले नाहीत. वर्षाच्या आत लग्न हेही कारण नाही. तू सांगितलंस म्हणून मी तिला जवळ बसवून विचारलं. ती म्हणाली ते तसंच लिहितो.

"बाबा, देवासची आजी पोटाने गेली, आई छातीने. रिपोर्ट बघून डॉक्टर काय बोलले ते तुम्हीही ऐकलंत ना? बाजूलाच तर बसला होता."

मी बसलो होतो. तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गाठीच्या पेशींमध्ये ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन सापडलं नाही, म्हणून ही गाठ लोब्युलर जातीची आहे. ते वाचून डॉक्टरांनी आईकडे कोणाला काय झालं होतं ते विचारलं. विद्याने तुमच्या आईचं सांगितलं, की एकोणपन्नासाव्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली. तेव्हा ते म्हणाले की अशी गाठ आणि पोटाचा तो आजार एका घरात असले तर एखादा जीन चालत आलेला असू शकतो. आईत असेल तर मुलीत यायची शक्यता निम्मी. मुलीने रक्त तपासून घ्यावं.

चिऊ म्हणाली, "असा जीन निघाला तर पोटच काढून टाकतात, मी सगळं वाचलंय. पूरा का पूरा. उद्या मुलं झाली तर त्यांनाही हेच. शादी करके किसके गले बांधूं ये सब?"

मी म्हटलं, आधी रक्त तर तपास. म्हणाली, "तपासायचं काय राहिलंय? रिपोर्टमध्ये साफ लिहिलंय ना, नाही म्हणून. मला पुन्हा एकदा ऐकायचं नाहीये." आणि उठून गेली.

चारू, मला यातलं कळत नाही. एवढंच सांग, असा रिपोर्ट चुकू शकतो का? एखादी गोष्ट नसणं आणि ती न दिसणं, हे वेगळं असतं ना? तुकडे नेता-आणताना काही झालं तर फरक पडतो का? कोणाच्याही तुकड्यांबद्दल विचारतो आहे.

उमाशंकर


देवास, १३ जुलै २०२५

ती. भाऊजी, नमस्कार.

चिऊच्या मनात हे असेल असं वाटलंच नाही मला. इथे बसून मी तिला मुहूर्त सुचवत होते.

तुम्ही विचारलंत म्हणून समजेल तसं लिहिते. आपल्या पेशी एकमेकींना धरून असतात. ज्याने धरतात ते ई-कॅडहेरिन. पेशीच्या कडेला असतं, शेजारणीच्या कडेला असतं, आणि दोघींची गुंफण होते. ते गेलं की पेशी सुट्या होतात आणि एकामागे एक रांग लावून कुठेही निघतात. लोब्युलर गाठीत तसंच दिसतं.

हे प्रथिन नुसतं दिसत नाही. त्यासाठी अँटीबॉडी लागते. ती बरोबर त्या प्रथिनालाच जाऊन चिकटते, दुसऱ्या कशाला नाही. मग तिच्यावर रंग चढवायचा. प्रथिन असेल तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते, जाळीसारखी. नसेल तर पेशी निळ्याच राहतात. ताईच्या पेशींनी रंग धरला नाही.

अँटीबॉडी खराब असेल, रंगाआधी काचेवरचे काप कुकरमध्ये तापवतात ते नीट तापले नसतील, तर चूक होऊ शकते. म्हणून दर वेळी सोबत एक कंट्रोल लावतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचा चांगला तुकडा, ज्यात हे प्रथिन आहेच. तो रंगला तर आपलं काम बरोबर. त्या दिवशी कंट्रोल सुरेख रंगला होता. मी स्वतः केलं होतं ते काम, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी पेशींची रांगही पाहिली, रंगही पाहिला आणि सही केली.

तुकडे आमच्या हातात आल्यापासून सगळं नियमाने झालं आहे. रिपोर्टवर शंका घेऊ नका. चिऊचं रक्त तपासून घ्या.

चारू


धार, २७ जुलै २०२५

चि. चारू,

"आमच्या हातात आल्यापासून" असं तू लिहिलंस. त्याआधी ते माझ्या हातात होते. त्याबद्दल लिहितो. चौदा महिने हे कोणाला सांगितलेलं नाही.

१७ मे २०२४, शुक्रवार. इथल्या सर्जननी सकाळी सुईने तुकडे काढले आणि एका बाटलीत औषधात घालून माझ्याकडे दिले. ताईने आधीच ठरवलं होतं की तुकडे चारूकडेच द्यायचे, ती घरची आहे. तिने मला पिशवी भरून दिली. त्यात टेकडीवरच्या देवीची ओटी, नारळ, खण, तांदूळ. म्हणाली, "आधी देवी, मग लॅब. उलटं करू नका." मी दुपारची बस धरली.

बाटलीचं झाकण घट्ट नव्हतं. घाटाबिल्लोदच्या पुढे सगळ्या बसमध्ये वास. शेजारचा म्हणाला, "अरे भिया, क्या एसिड ले के चल रिये हो? आंखें जल री हैं सबकी." कंडक्टर आला, म्हणाला, "मास्साब, या तो ये फेंको या उतरो." मी झाकण हाताने दाबून इंदूरपर्यंत बसलो. ओटीचा खण भिजला होता.

इंदूरला स्टँडवर मी ते औषध नाल्यात ओतलं. बाटली नळाखाली तीनदा विसळली आणि विकतचं पिण्याचं पाणी भरून झाकण लावलं. मला वाटलं, तुकडे सुकू नयेत एवढ्यासाठीच ते द्रव असणार, मग स्वच्छ पाणी काय वाईट. मी शिकवणारा माणूस, चारू. कोणालाही विचारू शकलो असतो. खिशात फोन होता.

देवासला चार वाजता पोचलो. टेकडीखाली नवी ओटी घेतली. देवळात मांसाचा तुकडा कसा न्यायचा, म्हणून ती पिशवी फुलवालीकडे चपलांपाशी ठेवली. मे महिन्याचं ऊन. खाली आलो तेव्हा बाटली हाताला गरम लागत होती. लॅब बंद झाली होती. तुमच्या घरी आलो, तू सरबत दिलंस आणि विचारलंस, "भाऊजी, बाटली देता का, मी फ्रिजमध्ये ठेवते?" मी "उद्या लॅबवरच देतो" म्हटलं. कारण तू उघडून पाहिली असतीस.

सकाळी काउंटरवर दिली आणि सरळ बस धरली. घरी विद्याने विचारलं, "नीट दिलंत ना?" मी "हो" म्हटलं. नंतरही तिने दोनदा विचारलं. एकदा दवाखान्यात. तेव्हाही "हो".

आता तू सांगशील ते मला माहीत आहे. पाण्यात ते प्रथिन खराब झालं असणार, म्हणून दिसलं नाही. म्हणजे रिपोर्ट खोटा आहे आणि चिऊवर टांगलेलं हे सगळं माझ्यामुळे आहे. तसं असेल तर तू तसं लिहून दे, मी ते तिच्यापुढे ठेवीन. ती मला काय म्हणेल ते म्हणू दे. चूक माझी निघाली तर मुलगी सुटते. तेवढं कर.

उमाशंकर


देवास, ३० ऑगस्ट २०२५

ती. भाऊजी, नमस्कार.

महिनाभर तुमचा फोन घेतला नाही. घेतला असता तर काहीतरी भलतंच बोलले असते.

मला माहीत होतं.

चोवीस वर्षं या बाटल्या उघडते आहे. उघडताना मान आपोआप मागे जाते, कारण फॉर्मलिन डोळ्यांना झोंबतं. १८ मेच्या सकाळी तुमची बाटली उघडली, मान मागे नेली आणि काहीच झालं नाही. बोट बुडवून पाहिलं. पाणी. तुकडे फुगून पांढरे पडलेले.

असं रोज घडतं. कोणी सलाइनमध्ये आणतं, कोणी पाण्यात, एक बाई तर गुलाबपाण्यात घेऊन आली होती. मी काउंटरवरून परत पाठवते, "वापस ले जाओ भैया, नया सैंपल निकलवाओ." कोणाचं ऐकत नाही. एका तहसीलदाराला परत पाठवलं होतं. पण बाटलीवर ताईचं नाव होतं आणि आणणारे तुम्ही. तुम्हाला कसं विचारू, की भाऊजी, हे काय केलंत? माझ्या लग्नात बाबांच्या जागी उभे होतात तुम्ही. आणि ताईला पुन्हा सुई टोचायला कोण सांगणार? मी गुपचूप फॉर्मलिन घातलं, रजिस्टरमध्ये "नमुना ठीक" लिहिलं आणि पुढचं काम केलं. कंट्रोल सुरेख रंगला तेव्हा स्वतःला सांगितलं, बघ, ठीक आहे सगळं. पण कंट्रोल दुसऱ्याचा तुकडा, भाऊजी. त्याने माझी अँटीबॉडी बरोबर असल्याचं सांगितलं. ताईचा तुकडा पाण्यात किती सडला, हे तो कसं सांगणार? मला हे कळतं. नव्या मुलींना मीच शिकवते. तरी मागच्या पत्रात तुम्हाला कंट्रोलचं एवढं कौतुक लिहून पाठवलं.

ताई अकरा महिने जगली. दर महिन्याला इंदूरला जाता-येता फोन करायची, "चारू, तुझा रिपोर्ट आहे म्हणून मला धीर आहे."

तुमचं पत्र घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. मग म्हणाले, ब्लॉक काढा. तुकडा खराब होता की नाही हे तुकड्यालाच विचारू.

ते असं. गाठीच्या शेजारी कुठेतरी निरोगी दुधाची नळी असते. तिच्या पेशींत हे प्रथिन असतंच. तीही त्याच पाण्यात, त्याच उन्हात होती. तिनेही रंग धरला नाही, तर सगळंच खराब झालं आणि रिपोर्टला अर्थ नाही. पण तिने धरला आणि गाठीने नाही धरला, तर रिपोर्ट खरा. मागच्या वर्षी जे काप घेतले त्यात नळी आलीच नव्हती, सगळी गाठच होती. या वेळी मी ब्लॉकमध्ये खोल जात काप घेत गेले. एकेक काप केसापेक्षा पातळ. ब्लॉक संपत आला होता. चव्वेचाळिसाव्या कापात नळी दिसली. एकच, लहानशी.

नवी अँटीबॉडी उघडली. या वेळी डॉक्टर शेजारी उभे राहिले, मला एकटीला करू दिलं नाही.

भाऊजी, नळी रंगली. रेघ फिकी आहे, पाण्याने तेवढं केलंच. पण प्रत्येक पेशीभोवती आहे, पूर्ण. आणि तिला लागून ताईच्या गाठीच्या पेशी, एकामागे एक, निळ्या. एकीनेही रंग धरलेला नाही.

रिपोर्ट खरा होता. तुमच्यामुळे बिघडला नाही, माझ्यामुळेही नाही. तुम्ही मागितलंत ते मला लिहून देता येत नाही.

गाठ हार्मोनवर वाढते का हे पाहायलाही असाच रंग देतात. तो तेव्हा फिका आला होता, तरी आला होता. त्यावरच गोळ्या सुरू झाल्या. पाण्यात न घालता तो गडद आला असता का आणि त्याने काही बदललं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुतेक नाही. "बहुतेक" त्यांनी काढून टाकलं नाही.

रजिस्टरमधला शेरा मी त्यांच्यासमोर दुरुस्त केला. महिनाभर मला नमुने घ्यायला बसवलेलं नाही. ते योग्यच आहे.

आणि एक. पोटाने गेली ती माझीही आई. चिऊला निम्मी शक्यता असेल तर मलाही आहे, हे मी एवढ्या महिन्यांत एकदाही मनाशी उच्चारलं नाही. रोज दुसऱ्यांच्या पेशी बघते. मी रक्त देते आहे. चिऊला माझ्याबरोबर पाठवा.

चारू


धार, ११ सप्टेंबर २०२५

चि. चारू, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते तुलाच सांगू शकतो. माझी चूक नव्हती याचं मला वाईट वाटलं. चौदा महिने जी गोष्ट छातीवर घेऊन फिरलो, तीच या दोन महिन्यांत माझी आशा झाली होती. आता तीही नाही. बाटली ओतलीच होती, विद्याशी खोटं बोललोच होतो, आणि त्याचा चिऊला काही उपयोगही झाला नाही.

तुझ्यावर राग नाही. तू विचारलं असतंस तर मी तिथेही "ठीक आहे" म्हटलं असतं.

रविवारी चिऊला समोर बसवलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून तुझी सगळी पत्रं आणि माझं ते एक, मीच वाचून दाखवली. त्याची नक्कल मी ठेवली होती. बसमधला भाग आला तेव्हा हसली. विद्याला "हो" म्हटल्याचा भाग आला तेव्हा उठून खिडकीपाशी गेली. सगळं संपल्यावर म्हणाली, "मतलब आईला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मावशीला बाटलीचं, तुम्हाला बाटलीचं. दोघं तिच्या पलंगाजवळ बसून मोसंबी सोलत होतात." दोन दिवस ताट वाढून निघून जायची.

मंगळवारी सकाळी शाळेच्या जुन्या कागदांत काही शोधत होतो, तेव्हा दारात येऊन उभी राहिली. "बाबा, एक विचारू? मी प्रणवला हो म्हटलं असतं, तर तुम्ही हे कधी सांगितलं असतं?"

मी विचार केला. सांगितलं असतं असं म्हणणं सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

ती मग म्हणाली, "चला. या घरात कोणीतरी एक खरं बोललं."

बाहेर गेली आणि व्हरांड्यातून तिने प्रणवला फोन लावला. दार उघडंच होतं. मी उठून मागे जाणार होतो, तर तिने हाताने थांबवलं. त्याला म्हणाली, "सुन, मी ना का म्हटलं ते तुला सांगितलं नाही. आता सांगते. पूरा सुन ले, बीच में मत बोल. मग तुला ना म्हणायचं असेल तर तू म्हण. तुझ्या वतीने मी ना म्हणायला नको." तिने सगळं सांगितलं. जीन, पोट, मुलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलेलं नाही. फोन ठेवून तिने रक्त द्यायला जायचं म्हणून ऑफिसला पुढच्या गुरुवारची रजा कळवली.

रिपोर्टला तीन-चार आठवडे लागतात म्हणे. काय येईल ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी कुठल्याही उत्तराची इच्छा धरलेली नाही.

गुरुवारी, १८ तारखेला, साडेदहाला इंदूरला ताईच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ये. आम्ही दोघं दारापाशी असू.

उमाशंकर